मोवरचा ऑटो चोक अडकलेला, कार्ब न बदलता दुरुस्त करून दिला: एडिसनजवळच्या छोट्या इंजिनांच्या दुकानाचा रिव्ह्यू

न्यू जर्सीत एडिसन, इसेलिन, पिस्कॅटवे साइडला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, मोवर (गवत कापायचं मशीन) चालू होत नाहीये, कुणाला चांगला मेकॅनिक माहितीये का, आणि खाली सगळे सांगतात फेकून द्या, बॅटरीवाला घ्या. तर मेकॅनिक आहे आणि चांगला आहे. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आमचा साधा ढकलायचा पेट्रोल मोवर, चोकची दांडी नसलेला, म्हणजे ऑटो चोकवाला (चोक म्हणजे इंजिन थंड असताना हवा कमी करणारी झडप). यावर्षी सीझनच्या सुरुवातीला शेडमधून बाहेर काढला, दोरी ओढली, लगेच पेटला पण भकभक काळा धूर काढत चार-पाच सेकंदात बंद. परत ओढला की तेच, आणि थोड्या वेळाने पेट्रोलचा नुसता वास, मग तर पेटेच ना. स्पार्क प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट आणि ओला. पेट्रोल नवीन भरलं, प्लग नवीन टाकला, काही फरक नाही.

आधी जिथे नेला (नाव घेत नाही) तिथे काउंटरवरच्या माणसाने कव्हरसुद्धा न उघडता सांगितलं की कार्ब (कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गेलाय, नवीन बसवावा लागेल, आणि लेबर धरून जो आकडा सांगितला त्यात अजून थोडे घातले तर नवा मोवर येतो. एवढ्या पैशाचं काम न बघता सांगणं मला अजिबात पटलं नाही, म्हणून तिथून उचलला आणि शेजारच्या काकांनी सांगितलेल्या या दुकानात घेऊन आले.

इथे एक वयस्कर मालक आणि त्यांचा मुलगा असे दोघंच काम करतात. मालकांनी पहिलं काय केलं तर प्लगची वायर काढून बाजूला केली (ब्लेडपाशी किंवा इंजिनात हात घालायच्या आधी हे करायचंच, घरी करताना कुणी हे विसरू नका), मग एअर फिल्टरचं कव्हर काढून मला म्हणाले इकडे ये आणि आत बघ. कार्बच्या तोंडाशी एक छोटी गोल पत्र्याची झडप असते, तोच चोक. इंजिन थंड असताना ती बंद पाहिजे, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, मग हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ती बंद होती, म्हणजे इथपर्यंत ठीक. मग बोटाने ढकलून सोडली. ती चटकन परत जागेवर यायला पाहिजे, आमची मात्र कुरकुरत अर्धवट आली आणि थांबली.

जुन्या बजाज स्कूटरला चोक आपण हाताने ओढायचो आणि गाडी गरम झाली की परत ढकलायचो, इथे तेच काम इंजिनाने स्वतः करायचं असतं. कसं करतं ते त्यांनी इतकं छान दाखवलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या इंजिनात दोन गोष्टी आहेत. वरच्या झाकणाखाली फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) पंख्यासारखी पाती असतात, इंजिन फिरायला लागलं की त्यांचा वारा एका हलक्या प्लॅस्टिकच्या पात्यावर लागतो, ते पातं सरकतं आणि बारीक तारेने जोडलेला चोक उघडतो. दुसरी गोष्ट म्हणजे सायलेन्सरजवळ बसवलेली दोन धातूंची गुंडाळलेली स्प्रिंग, ती गरम झाली की पीळ बदलते आणि चोक उघडाच धरून ठेवते, म्हणजे लॉन अर्धं कापून तुम्ही पाणी प्यायला थांबलात आणि परत दोरी ओढलीत तर गरम इंजिनाला उगाच चोक लागत नाही. काही कंपन्यांच्या इंजिनात स्प्रिंगऐवजी मेणाची छोटी डबी असते, मेण गरम होऊन फुगतं आणि पिन बाहेर ढकलतं. ती डबी गेली की थंड असताना मोवर मस्त चालू होतो पण गरम झाल्यावर बंद केला की परत पेटत नाही, आणि तेव्हा ती डबी बदलण्याशिवाय इलाज नसतो.

मग खरी टेस्ट. वायर परत लावून मोवर चालू केला आणि लांब स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने झडप हळूच उघडी धरली. धूर बंद! आवाज एकदम स्वच्छ, एकसारखा. स्क्रू ड्रायव्हर काढला की परत घुसमटून बंद. म्हणजे कार्ब ठणठणीत होता, चोक उघडतच नव्हता, बास. नवा कार्ब बसवला असता तरी मोवर तसाच बंद पडला असता. पाच मिनिटांची तपासणी आहे ही, कुणीही करू शकतो, आणि पहिल्या दुकानात ती झाली असती तर माझा एवढा संताप झाला नसता.

वरचं झाकण काढलं तर आत वाळलेल्या गवताचा घट्ट थर आणि त्यात उंदराने थंडीत केलेलं घरटं, चिंध्या, कापूस, बिया सगळं. प्लॅस्टिकचं पातं त्यात रुतून बसलं होतं, मग ते हलणार कुठून. मालक म्हणाले की चोक सोड, असंच महिनाभर चालवलं असतं तर इंजिन तापून गेलं असतं, कारण या इंजिनांना पाणी-बिणी नसतं, त्याच पंख्याच्या वाऱ्यावर ती थंड राहतात आणि तो वारा जायची वाटच बंद होती. मला हे माहीतच नव्हतं आणि मला वाटतं बऱ्याच जणांना नसेल, त्यामुळे ज्यांचा मोवर हिवाळाभर शेडमध्ये असतो त्या सगळ्यांनी सीझनच्या आधी एकदा झाकण उघडून बघाच, मोजकेच बोल्ट असतात.

साफसफाई मुलाने केली, आधी ब्रशने आणि मग हवेच्या प्रेशरने, कूलिंगच्या पात्यांमधल्या फटीसुद्धा. चोकची तार थोडी वाकली होती ती बदलली, सांधे कार्ब क्लीनरच्या स्प्रेने धुतले. मी विचारलं ऑइल नाही का लावत, तर म्हणाला तिथे ऑइल अजिबात नको, त्यावर धूळ आणि गवताचा भुसा चिकटतो आणि दोन महिन्यात परत अडकतं, सांधे कोरडे आणि स्वच्छच पाहिजेत. शेवटी स्प्रिंगला हीट गनने थोडी ऊब दिली आणि मला दाखवलं, स्प्रिंग हळूहळू फिरली आणि झडप आपोआप उघडत गेली. बघायला खरंच मजा आली. स्प्रिंग चांगली आहे म्हणून बदलली नाही, बिलातही लावली नाही. दोरी पहिल्या झटक्यात लागली आणि काही सेकंदात आवाज स्थिर.

मी विचारलं होतं की ऑटोची कटकटच नको, हाताचा चोक बसवता येईल का. काही जण तसं करून घेतात, पण त्यांनी स्वतःहून सांगितलं की गरज नाही, हे स्वच्छ ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं. काम वाढवून घ्यायची संधी असून घेतली नाही, हे मला फार आवडलं.

अजून एक उपयोगाचं त्यांच्याकडून कळलं. मोवर पेटल्यावर धूर न काढता नुसता वर-खाली, वर-खाली रेस होत असेल तर तो दोष चोकचा नाही, बहुतेक वेळा कार्बच्या जेटमध्ये (पेट्रोल यायच्या बारीक भोकात) जुन्या पेट्रोलचा चिकटा बसलेला असतो. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं आणि उभ्या मोवरमध्ये त्रास देतं. त्यामुळे कॅनमध्ये महिन्याभरात संपेल एवढंच भरून आणा आणि हिवाळ्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून घालायचं द्रव) घाला. ई१५ (१५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल) मात्र मोवरमध्ये घालायलाच परवानगी नाही, १० टक्क्यांच्या वर नको. जर्सीत पंपावर अटेंडंटच भरतो, तेव्हा त्याला नीट सांगा.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत, सरळ जाऊनच विचारावं लागतं. एप्रिल-मेमध्ये प्रचंड गर्दी असते, माझा मोवर आठवडाभराच्या वर तिथेच होता आणि तोपर्यंत आमचं गवत गुडघ्याकडे निघालं होतं, टाउनशिपची नोटीस येते की काय अशी धाकधूक. पिकअप-डिलिव्हरी नाही, गाडीतून स्वतः न्यायचा. नेताना मोवर कसाही आडवा टाकू नका, स्कूटर वाकवून चालू करायची आपली सवय इथे चालत नाही, एअर फिल्टर आणि कार्बची बाजू वरच राहिली पाहिजे, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि दुसरंच काम निघतं. टाकीत पेट्रोल कमी ठेवून न्या, वासाने डोकं उठतं.

बॅटरीवाले मोवर चांगले आहेत, कॅलिफोर्नियाने तर २०२४ पासून नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर कडक नियम आणलेत, पुढेमागे सगळीकडे तेच होईल. पण चांगलं चालणारं इंजिन एका वाकलेल्या तारेसाठी आणि उंदराच्या घरट्यासाठी कचऱ्यात टाकणं मला तरी पटत नाही. बिल पहिल्या दुकानाने सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्शाहूनही कमी आलं, जुनी तार पिशवीत घालून परत दिली आणि बिलावर काय केलं ते हाताने लिहून दिलं. जमलं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच सर्व्हिसिंगला टाका, तेव्हा दोन दिवसात मिळतो असं मुलगा म्हणाला. कार्डवर थोडा चार्ज लावतात, कॅश न्या.