सहलीची बस आलीच नाही : 32,700 रुपये गेले

लाज वाटते, तरी लिहिते. सहलींचा हंगाम सुरू आहे आणि सहलीच्या बसचे पैसे घेऊन मला फसवणारा माणूस अजून मोकळा फिरतोय.

सातवीला बलुतेदारी शिकवताना मुलांना कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय दाखवायचं, हे माझ्या फार दिवस मनात होतं. विहिरीवरची मोट, लोहार, कुंभार, सगळं हुबेहूब पुतळ्यांमधून उभं केलेलं. आमच्या 52 मुलांपैकी निम्म्यांनी मोट नावापुरतीही ऐकलेली नव्हती.

एसटी का नाही केली, हे आता प्रत्येक जण विचारतो. शालेय सहलीला एसटीत निम्मी सवलत असते, हे मलाही माहीत आहे. आगारात दोनदा गेले. शनिवारी गाडी शिल्लक नाही, म्हणाले. त्याच आठवड्यात हा माणूस शिक्षक खोलीत आला. व्हिजिटिंग कार्ड, गोड बोलणं. माणशी 700 रुपयांत बस, नाश्ता, जेवण, प्रवेश सगळं. शेजारच्या शाळेची सहल मीच नेली, म्हणत मोबाइलवर फोटो दाखवले. त्या शाळेला एक फोन करायला हवा होता. नंतर केला, तेव्हा कळलं की ते फोटो त्यांच्याच फेसबुकवरून उचललेले. अशा माणसाने दाखवलेल्या फोटोंवर जाऊ नका, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोला.

36,400 रुपये जमले. एका मुलीने रुमालात बांधून दहा-दहाची नाणी आणली होती, आई खुरपणीला जाते. ती मी टेबलावर दोनदा मोजली.

निम्मे म्हणजे 18,200 आगाऊ द्यायचे होते. क्यूआर स्कॅन केला तर ट्रॅव्हल्सऐवजी कुठल्याशा मोबाइल शॉपीचं नाव आलं. माझं बोट तिथे थांबलं होतं. "भावाचं खातं आहे मॅडम, जीएसटीचं काम चालू आहे," म्हणाला, आणि मी पिन टाकला. तो क्षण रोज आठवतो. दुसऱ्या दिवशी त्याने शिक्क्यासह 'सामूहिक प्रवेशपत्र' पाठवलं. त्यावर 'कान्हेरी मठ' असं छापलेलं. कान्हेरीची लेणी मुंबईत बोरिवलीला आहेत, कणेरी मठ कोल्हापूरला. मी इतिहास शिकवते, चूक डोळ्यांना दिसली होती, टायपिंगची असेल म्हणून सोडून दिली. एक फोन संग्रहालयात केला असता तर तिथेच थांबलं असतं.

मग परमिटचे म्हणून 4,500, ते मी पदरचे दिले. आदल्या रात्री 9:40 ला डिझेलसाठी 10,000. गाडीचा नंबर मागितला तर "सकाळी बघाच". नंबर आधी घ्या आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर तपासा, फिटनेस आणि विमा दोन्ही दिसतात.

पहाटे पाचला मुलं डबे घेऊन गेटवर उभी. "बाई, बस कधी येणार?" सात वाजता त्याचा फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात नऊला पोहोचले. हवालदार म्हणाले, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. तिथे गेले तर, घटना तालुक्याची, तिकडेच द्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मला नंतर एका वकिलांनी सांगितलं, ठाण्यात कुणी नाही. आदल्या रात्रीचे 10,000 कदाचित अजून खात्यात असतील, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर! मला ते सोमवारी कळलं. तोवर पैसे पुढे गेलेले. बँकेत उत्तर मिळालं, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" शिक्षण विभागाच्या कार्यालयात तर चौकशी माझीच झाली: खासगी गाडी का ठरवली, कुणाला विचारून ठरवली. लेखी खुलासा दोनदा घेतला. चोराबद्दल एक प्रश्न नाही. बाई, मुलं सुखरूप आहेत ना, एवढंही कुणी विचारलं नाही.

मुलांचे 28,200 मी पतसंस्थेतून कर्ज काढून परत केले. नाण्यांच्या बदल्यात त्या मुलीला नोटा दिल्या, तिने त्या निमूट दप्तरात ठेवल्या.

पैसे गेलेच तर आधी 1930, मग ठाणं. ज्या नावाने गाडी ठरली त्याच नावाच्या खात्यात पैसे, नाहीतर नाही.

काल दुसऱ्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेने एक प्रवेशपत्र माझ्याकडे पाठवून विचारलं, हे बरोबर आहे का. मोबाइल नंबर बदललाय. 'कान्हेरी मठ' तसंच आहे.