कमरेचं हाड घ्यायचं की बोन बँकेतलं?

‘हाड भरावं लागेल’ असं सर्जनने सांगितलं की घरचे आधी विचारतात, दुसऱ्याचं हाड शरीराने नाकारलं तर? किडनी नाकारली जाते तसं इथे होत नाही. किडनी जिवंत लावतात, म्हणून जन्मभर गोळ्या. बोन बँकेतलं, म्हणजे दात्यांकडून घेऊन साठवलेलं हाड लावतानाच मेलेलं असतं. त्यातलं खनिज आणि कोलॅजन शरीराला फारसं खुपत नाही. खुपतात त्या मज्जेतल्या पेशी आणि त्यांच्यावरच्या एचएलएच्या खुणा, म्हणजे ज्यावरून शरीर आपलं-परकं ओळखतं ती प्रथिनं. म्हणून बँकेत मज्जा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढतात, चरबी अल्कोहोलने उतरवतात. तरी थोडं उरतंच. त्याचा परिणाम ताप-सूज असा दिसत नाही, एक्स-रेत दिसतो: आपलं हाड आणि भरलेलं हाड यांच्यामधली काळी रेघ महिनोन्महिने बुजत नाही.

स्वतःच्या कमरेचं हाड यात सरस. त्यात जिवंत पेशी असतात, हाड घडवायला लावणारी प्रथिनं असतात आणि नव्या हाडाला चढायला सांगाडाही तयार असतो. किंमत मोजावी लागते ती कमरेत. दुसरा छेद, आणि कधीकधी मूळ ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस टिकणारं दुखणं. पुढच्या टोकाच्या फार जवळ छेद घेतला तर तिथून जाणारी नस दुखावते आणि मांडीची बाहेरची बाजू बधिर होते. त्यामुळे सर्जन निदान 3 सेंटीमीटर मागे सरकतात. शिवाय माल मर्यादित. लहान मुलात तर फारच थोडा.

बँकेतल्या हाडाचे मुख्य दोन प्रकार. गोठवलेलं हाड उणे 70 ते 80 अंशांवर 5 वर्षांपर्यंत ठेवतात. त्याची ताकद बरीचशी टिकते, म्हणून भार घेणाऱ्या जागी हेच. पण पेशींचे अवशेष यातच जास्त राहतात, आणि दोन प्रकारच्या रुग्णांनी ते सर्जनशी आधीच बोलून घ्यावं. एक, ज्यांना पुढे किडनी लावायची वेळ येऊ शकते: हाडामुळे एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. दुसरी, आरएच निगेटिव्ह आणि पुढे मूल हवं असलेली स्त्री: तिच्यासाठी आरएच निगेटिव्ह दात्याचंच हाड मागावं, नाहीतर आरएचविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ न देणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनचा विचार व्हावा. एबीओ गट मात्र जुळवावा लागत नाही.

दुसरं गोठवून सुकवलेलं. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत 1988पासून हे काम चालतं. पाणी काढून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. नेहमीचा डोस 25 किलोग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). त्याच्या बराच वर गेलं की कोलॅजन तुटून हाड कुरकुरीत होतं. हे साध्या कपाटात राहतं, प्रतिकारशक्तीला सगळ्यात कमी डिवचतं, पण वाकवणं-पिळणं सोसत नाही. मोठा तुकडा सलाइनमध्ये नीट भिजू न देता स्क्रू मारला की भोकापासून तडा जातो. पोकळी भरायला उत्तम, खांब म्हणून नाही. (हाडातलं खनिज काढून केलेली, लगद्यासारखी पुट्टीही मिळते. तिला ताकद शून्य. ती इतर हाडात मिसळायची.)

आता भरण्याची गोष्ट. जाळीदार हाडात नवं हाड आधी जुन्या जाळीवर चढतं, मग जुनं खाल्लं जातं. त्यामुळे ते दिवसेंदिवस घट्ट होत जातं. टणक हाडात उलटा क्रम: आधी कुरतडणं, मग बांधणं. स्वतःचं टणक हाडसुद्धा दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत निम्म्याच ताकदीचं असू शकतं. रुग्णाला मात्र याच दिवसांत बरं वाटतं आणि तो काठी सोडतो.

ट्यूमर काढून मांडीच्या हाडाचा मोठा दात्याचा तुकडा लावला तर हिशेब वेगळा. पाच वर्षांनंतरही नवं हाड टोकांतून आणि पृष्ठभागावर काही मिलिमीटरच शिरलेलं असतं. आतला गाभा मेलेलाच. तो तडे स्वतः बुजवू शकत नाही. साधारण पाचांत एकाला फ्रॅक्चर, जवळजवळ तितक्यांना दोन हाडांमधला जोड न जुळणं, दहांत एकाला संसर्ग, असे रुग्णांच्या मोठ्या मालिकांचे आकडे आहेत. केमोथेरपी चालू असेल तर जुळणं आणखी लांबतं. म्हणूनच काही ठिकाणी रुग्णाचंच हाड काढून, 50 ग्रे किरणं देऊन पुन्हा बसवतात. मेलेलंच, पण परकं नाही आणि मापाला तंतोतंत.

न जुळलेलं लहान फ्रॅक्चर असेल, तर आम्ही कमरेकडेच बोट दाखवू. तिथे जिवंत पेशींना पर्याय नाही. गाठ खरवडल्यावरची पोकळी किंवा लहान मूल: सुकवलेलं. बसवलेला कृत्रिम खुबा बदलण्याचं दुसरं ऑपरेशन, जिथे हाड झिजून गेलंय: गोठवलेलं. तंबाखू मात्र तिन्हींत बंद, रक्तवाहिन्या आत शिरल्याशिवाय यातलं कुठलंच हाड धरत नाही.

बँकेचं हाड ठरलं तर लेबल पाहायला सांगा: दात्याचा क्रमांक, निर्जंतुकीकरण, मुदत. हाड जिवंत दात्याच्या खुब्यातून (खुबा बदलताना काढलेलं) आलं असेल तर त्याची 180 दिवसांनी पुन्हा रक्ततपासणी झाली होती का, हेही विचारा. आणि मोठा तुकडा लावलेल्याला दुसऱ्या वर्षी पाऊल टाकताना नव्याने कळ आली, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी भार काढा आणि एक्स-रे घ्या.