रिकामा हौदा वर गेला म्हणून पैसे देऊ नका

जुन्या टाटा २०७ पिकअपला हायड्रोलिक (तेलाच्या दाबाने उचलून माल ओतणारा) हौदा बसवून घेणारे बहुतेक एकाच पद्धतीने फसतात. काम झालं की मिस्त्री बटण दाबतो, रिकामा हौदा झोकात वर जातो आणि उरलेली रक्कम तिथेच दिली जाते. आठ दिवसांनी वाळू भरली की तोच हौदा वीतभरही उचलत नाही. ‘तुम्ही माल जास्त भरलात’ हे उत्तर तयारच असतं.

अशाच एका २०७ चा हौदा उतरवल्यावर खाली जे निघालं ते इथे मांडतो आहोत, कारण बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं.

बोलीत ८० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) नवा सिलिंडर होता. निघाला ५० मिमीचा, दुसऱ्या यंत्रावरून काढून रंगवलेला. १५० बार दाबाला ८० मिमीचा सिलिंडर साधारण साडेसात टन जोर देतो, ५० मिमीचा तीन टन. माल एक टनाचा, मग तीन टन भरपूर झाले असं वाटतं. पण हौद्याखाली उंची नसल्याने सिलिंडर जवळजवळ आडवा बसतो. १५ अंशांच्या कोनातून ढकलताना त्याच्या जोराचा जेमतेम चौथा हिस्सा उचलण्याच्या कामी येतो. ३०० किलोचा हौदा अधिक १ टन माल मधोमध ढकलून उचलायचा तर सुरुवातीलाच ५ टन जोर लागतो. रिकाम्या हौद्याला सव्वा टन पुरतो, म्हणून ट्रायल हमखास पास होते.

सिलिंडरचा बाहेरचा व्यास मोजून समाधान मानू नका. नळीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की बोअर मिळतो. रॉड पूर्ण बाहेर काढायला लावा आणि त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर क्रोम खड्डे पडलेलं आहे. ते खड्डे सील कापतात आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. हौदा उचलत नाही अशी तक्रार केली की काही जण रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप, आवळून देतात. तसं मुळीच करू देऊ नका. हौदा वर असताना वाढलेल्या दाबाने होज (तेलाची रबरी नळी) फुटला तर हौदा भरल्या वजनानिशी खाली येतो.

टाकीतही काटकसर केलेली असते. ८० मिमी बोअर आणि ६०० मिमी स्ट्रोकला (रॉड जितका बाहेर येतो ते अंतर) तीन लिटर तेल सिलिंडरमध्येच जातं, तेव्हा टाकी किमान पाच लिटरची हवी. लहान टाकीमुळे पंप हवा ओढतो आणि हौदा शेवटच्या टप्प्यात अडकतो. १२ व्होल्टची २ किलोवॅटची मोटर दीडशे अँपिअरच्या वर करंट खेचते. तिला ५० चौरस मिमीची तांब्याची केबल आणि बॅटरीजवळ फ्यूज लागतो. या गाडीत १० चौरस मिमीची वायर होती, तीही डिझेलच्या पाइपाला बांधलेली.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र चेसिसचं झालं होतं. सबफ्रेम, म्हणजे चेसिस आणि हौदा यांच्यामधली जोडचौकट, घातलीच नव्हती, बिजागऱ्या थेट चेसिसच्या शेवटाला वेल्ड केल्या होत्या. हौदा उचलला की पूर्ण भार त्या दोन बिंदूंवर येतो. गंजून पातळ झालेला जुना पत्रा तो पेलत नाही आणि पाटा (स्प्रिंग) जिथे चेसिसला टांगलेला असतो त्या मागच्या हँगरजवळ चीर जाते. तिथली चीर अंडरकोटिंगने लपवली होती. चॅनेलची सबफ्रेम लांबीभर हवी, मध्ये रबर किंवा लाकडाची पट्टी, आणि ती यू-बोल्टने आवळलेली. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग किंवा भोक नको. रंग मारण्याआधी हातोडीने ठोकून आवाज ऐका आणि फोटो काढून ठेवा.

‘अर्धा ब्रास आरामात जाईल’ हे वाक्य तर हमखास ऐकायला मिळतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) भारक्षमता १ टन असेल आणि नव्या हौद्यामुळे गाडीचं रिकामं वजन २५० किलोने वाढलं असेल, तर मालासाठी ७५० किलो उरतात. वाळू घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. म्हणजे जेमतेम १७ घनफूट, एक ब्रासचा सहावा हिस्सा. ८ बाय ५ फुटी हौद्यात तेवढी वाळू फक्त पाच इंच उंच येते. दीड फुटी फळ्या लावून देणारा माणूस तुमच्या गळ्यात ओव्हरलोडचा दंड बांधतो आहे. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर गाडी वजनकाट्यावर घाला, दोन्ही पावत्या जपून ठेवा.

‘पासिंगचं आम्ही बघतो’ या शब्दावरही जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. कलम १८२अ(४) नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जबाबदारी मालकाची, मिस्त्रीची नव्हे. आरटीओत स्वतः जाऊन आधी लेखी विचारा, मगच ॲडव्हान्स द्या.

बोअर, स्ट्रोक, टाकी, केबल आणि सबफ्रेमचं माप कोटेशनवर लिहून घ्या. चौथा हिस्सा रक्कम हातात ठेवा आणि आरसीवरच्या भाराएवढा माल भरून हौदा सलग दहा वेळा उचलल्यावरच ती द्या. तपासताना सेफ्टी प्रॉप (वर उचललेल्या हौद्याला द्यायचा टेकू) लावल्याशिवाय कुणालाही हौद्याखाली जाऊ देऊ नका.

फसला असाल तर पक्कं बिल हाच आधार. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. गाडी धंद्याची असली तरी ती स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून चालवत असाल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून ती फेटाळली जाऊ शकते.