ब्लूस्क्रीनव्ह्यू: शटडाऊनच्या क्रॅशला अर्धीच मदत

विंडोज क्रॅश झाल्यावर राहिलेल्या नोंदी वाचून दाखवणारं नीरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे टूल फुकट मिळतं आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडायची, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' द्यायचं, की काम सुरू. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत मिनिडंप नावाचा फोल्डर असतो, तिथल्या फाइली (क्रॅशच्या नोंदी, म्हणजे डंप) ते वाचतं. वरच्या भागात क्रॅशची यादी येते, खालच्या भागात ड्रायव्हरची (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची), आणि क्रॅशच्या स्टॅकमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या कामांच्या साखळीत, सापडलेले ड्रायव्हर गुलाबी रंगात दिसतात. आवृत्ती १.५५ ही २०१५ची आहे, तरी विंडोज ११ची मिनिडंप वाचते. काम करता करता पीसी पडत असेल तर पहिला अंदाज बांधायला याहून सोपं काही नाही.

पण 'शट डाऊन' दिल्यावर गोल चक्र फिरत राहतं, काही मिनिटांनी निळी स्क्रीन (विंडोज ११च्या नव्या अपडेटनंतर काळी) येते आणि मशीन पुन्हा चालू होतं, अशी तक्रार असेल तर या टूलच्या 'कॉज्ड बाय ड्रायव्हर' या रकान्यावर भिस्त ठेवू नका. अशा वेळी बहुधा 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', म्हणजे कोड ९एफ असतो. बंद होताना विंडोज प्रत्येक डिव्हाइसला पॉवर बंद करण्याची विनंती पाठवतं, तिला आयआरपी म्हणतात. एखादा ड्रायव्हर ती पूर्णच करत नाही. ठरलेली मुदत संपली की कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, स्वतःच मशीन पाडतं. त्या क्षणी स्टॅकवर कर्नलचा टायमर असतो, अडून बसलेला ड्रायव्हर तिथे नसतोच. म्हणून रकान्यात विंडोजच्या कर्नलचं, 'एनटी-ओएस-कर्नल'चं नाव येतं आणि लोक रॅम बदलायला नाहीतर विंडोज नव्याने टाकायला निघतात.

टूल खोटं बोलत नाही, अर्धवट सांगतं. क्रॅशच्या कोडसोबत येणाऱ्या आकड्यांपैकी पॅरामीटर १ मध्ये ३ असेल तर पॅरामीटर ४ हा अडकलेल्या आयआरपीचा मेमरीतला पत्ता असतो. ब्लूस्क्रीनव्ह्यू तो पत्ता छापतं, पण उघडत नाही.

तो उघडायला मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी हे चूक शोधायचं टूल लागतं. तेही फुकट, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. डंप फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, नाहीतर परवानगीवरून अडेल. फाइल उघडली की 'ॲनालाइझ'ची निळी लिंक दिसते, तिच्यावर क्लिक करा. पहिल्यांदा सिंबॉल (विंडोजच्या कोडमधली नावं सांगणाऱ्या फाइली) उतरवायला इंटरनेट आणि थोडा धीर लागतो. मग शेवटी 'फेल्युअर बकेट आयडी' ही क्रॅशचा प्रकार सांगणारी ओळ शोधा. 'इमेज नेम'मध्ये पीसीआयचा ड्रायव्हर आलेला असला तरी तो फक्त बसचा (डिव्हाइस जोडणाऱ्या मार्गाचा) ड्रायव्हर, त्याला दोष देऊ नका. बकेटच्या नावाच्या मध्यभागी जो ड्रायव्हर असेल, उदाहरणार्थ वाय-फायचा, तो खरा संशयित. खात्री करायची तर उद्गारचिन्ह, आयआरपी, एक स्पेस आणि पॅरामीटर ४चा पत्ता टाइप करा. ज्या ओळीपुढे बाण असेल तिथे विनंती अडलेली आहे.

आणखी एक फसवा रकाना म्हणजे ड्रायव्हरची तारीख. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर तारखेच्या जागी फाइलच्या मजकुरावरून काढलेला हॅशवजा आकडा असतो, त्यामुळे भविष्यातलं सालही दिसतं. त्यावरून ड्रायव्हर जुना की नवा हे ठरवू नका.

यादी रिकामीच आली तर? चक्र फिरत असताना पॉवर बटण दाबून धरलं की डंप लिहिली जात नाही, म्हणून एकदा वाट पाहा. सी ड्राइव्हवर पेजफाइल (विंडोज जादा मेमरी म्हणून वापरतं ती फाइल) असली पाहिजे, आणि डिस्क क्लीनअपने डंप उडवलेल्या नाहीत ना हेही बघा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' उघडा. 'बगचेक कोड' १५९ असेल तर तोच ९एफ, दशमान पद्धतीत लिहिलेला. शून्य असेल तर डंपच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पॉवर सप्लाय, वायरिंग किंवा दाबून धरलेलं बटण तपासा.

फास्ट स्टार्टअपचीही परीक्षा घ्या. ते चालू असताना शटडाऊन म्हणजे कर्नलचं हायबरनेशन (स्थिती डिस्कवर जपून बंद होणं) असतं, रीस्टार्ट मात्र पूर्ण असतो. रीस्टार्ट सुरळीत आणि शटडाऊनलाच क्रॅश असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करून बघा. ड्रायव्हरचा दोष त्याने जात नाही, फक्त झाकला जातो.

संशयित सापडला की डिव्हाइस मॅनेजरमधून ते डिव्हाइस डिसेबल करून दोन-तीनदा शटडाऊन द्या. क्रॅश थांबला तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर'च्या वाटेला जाऊ नका. नेटवर्क कार्ड असेल तर पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू द्या' ही खूण काढा. ड्रायव्हर व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरवर मुद्दाम ताण टाकून चूक पकडणारा विंडोजचा प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी, आणि तोही सेफ मोडमध्ये जाऊन रिसेट करता येत असेल तरच. नाहीतर मशीन बूटच न होण्याची भीती असते.