बेडवरचे अर्धचंद्र: जुना लेथ घेताना माझी झालेली फसवणूक

जुना लेथ (लोखंड गोल फिरवत कापायचं मशीन) घ्यायचा, त्याला बॉल स्क्रू, पल्सवर फिरणारी स्टेपर मोटर आणि कंट्रोलर लावून घरच्या घरी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारा, करायचा, असा बेत ज्यांचा आहे त्यांनी बयाणा देण्याआधी हे वाचावं. माझे 78 हजार असेच गेले.

मी कोल्हापूरचा. नोकरी बँकेत, पण वडील उद्यमनगरात टर्नर होते. लोखंडाच्या किसाचा आणि कटिंग ऑईलचा वास लहानपणापासून ओळखीचा. आपलं स्वतःचं मशीन असावं, ही इच्छा तेव्हापासूनची. शहराबाहेरच्या एका गोदामातल्या साडेचार फुटी लेथचा व्हिडिओ मोबाईलवर आला आणि रविवारी सकाळीच तिथे जाऊन उभा राहिलो.

मशीनला ताजा हिरवा रंग. हेडस्टॉक, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवणारी गिअरपेटी, चालू केला तर गिअरचा आवाज नाही. आणि बेडवर, म्हणजे टूल धरणारं सॅडल ज्यावरून सरकतं त्या लांब पायावर, टोकापासून टोकापर्यंत चमकदार अर्धचंद्रांच्या ओळी. "बेड नुकताच हाताने स्क्रेप केलाय साहेब, हे हाफ मून बघा," दलाल म्हणाला. म्हणजे झिजलेला बेड खरवडून पुन्हा सपाट केलाय, असा त्याचा दावा. सॅडल थोडं हलत होतं, ते मी विचारलंसुद्धा. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "तुम्ही सीएनसी करणार ना? मग प्ले (मोकळीक) सॉफ्टवेअरमध्ये भरून निघतो."

या एका वाक्यावर मी पैसे दिले. म्हणून ते खोटं का आहे, हे नीट सांगतो. कंट्रोलरमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय असते, हे खरं आहे. स्क्रू आणि नट यांच्यात मोकळीक असेल, तर दिशा बदलताना मोटर तेवढी जास्त फिरते. बेडच्या झिजेशी या सोयीचा संबंध नाही. माझ्या मोटरला एका फेऱ्याला 1600 पल्स (कंट्रोलरचे इशारे), स्क्रूचं पिच, म्हणजे एका फेऱ्यातलं सरकणं, 5 मिलिमीटर. म्हणजे एका पल्सला सॅडल जेमतेम 0.003 मिलिमीटर सरकतं. पण मोटर पल्सनुसार फिरते, बास. जॉब पकडणाऱ्या चकाजवळ आल्यावर सॅडल किती खाली बसलं आणि टूल जॉबपासून किती मागे गेलं, हे तिला कळायला मार्गच नाही.

मशीन घरी आणलं, लेव्हल लावून बेडचा पीळ काढला, मोटर जोडली. 30 मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) बारवर 150 मिलिमीटर लांबीचा हलका कट घेतला. चकाच्या बाजूला व्यास 0.14 मिलिमीटरने जास्त. मोकळं टोक जाड आलं असतं तर बार वाकला असं मानलं असतं. इथे उलटं होतं. मग प्रोग्राममध्येच उलटा टेपर (उतार) देऊन पाहिला. एका जॉबला जमलं, पुढच्याला पुन्हा फरक, कारण सैल सॅडल कटच्या जोराप्रमाणे दर वेळी वेगळं बसत होतं.

शेवटी वडिलांच्या बरोबर काम केलेल्या एका तात्यांना बोलावलं. त्यांनी चकाजवळ सॅडलचा प्ले अजिबात राहणार नाही एवढं आवळलं आणि हँडव्हील फिरवून ते टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडे, सरकवलं. दीड फुटावर सॅडल जाम. म्हणजे चकाजवळ बेड खाल्लेला आणि पलीकडे जवळजवळ मूळचा. मग रॉकेलच्या फडक्याने बेड पुसून त्यांनी टॉर्च तिरका धरला. अर्धचंद्र सगळे एका मापाचे, एका कोनातले, हँड ग्राइंडरने उठवलेले. खऱ्या स्क्रेपिंगला निळा रंग लावून, स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) फिरवून उंचवटे शोधतात, तेवढेच खरवडतात, पुन्हा निळा रंग लावतात. त्यात दिवस जातात. झिजलेल्या बेडला, सॅडल जिथपर्यंत पोचत नाही तिथे, चकाखाली एक कडा राहते. नखाला ती लागतेच. इथे ती कडासुद्धा घासून टाकली होती आणि तिच्यावरून अर्धचंद्र काढले होते. "पोरा, ह्या बेडला स्क्रेपर लागलाच न्हाई," तात्या एवढंच म्हणाले.

हेडस्टॉकचं तेल काढलं तर त्यात घट्ट ग्रीसचे गोळे. ते धुतल्यावर दोन गिअरचे तुटके दात दिसले आणि आवाजही सुरू झाला.

सगळ्यात जास्त सल बिलाचा आहे. "बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी वर जाईल," असं दलाल म्हणाला आणि मी बिनबिलाचा व्यवहार केला. 20 हजार यूपीआयने, तेही तिसऱ्याच नावावर; बाकी रोख. आता तो म्हणतो, सेकंडहँड माल, तुम्ही बघून घेतलात. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, पण हातात पुरावा म्हणून एक यूपीआयची नोंद आणि अर्धवट चॅट एवढंच आहे.

जाताना मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं साधन), एमएस बारचा तुकडा आणि टॉर्च न्या. तिथेच कट घ्यायला सांगा, दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा, सॅडल आवळून बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. लाईट नाही, टूल नाही, गिऱ्हाईक थांबलंय, असं काही सांगू लागला तर तिथून निघा. आणि बेड ग्राइंडिंगचा भाव आधी विचारून ठेवा. ग्राइंडिंगनंतर सॅडल खाली बसतं, ते वर घ्यायला टर्साइटच्या (कमी घर्षणाच्या प्लास्टिकच्या) पट्ट्या लागतात, तो खर्च वेगळा. मला सगळं मिळून 41 हजार सांगितलेत.

गेल्या आठवड्यात त्याच गोदामातल्या दुसऱ्या लेथचा व्हिडिओ आला. रंग निळा आहे. बेडवर तेच अर्धचंद्र, त्याच कोनात.