२००१ ची स्प्लेंडर, तिची मागची सीट आणि वाईतले सीटवाले मामा

आमची हिरो होंडा स्प्लेंडर २००१ ची. घेतली तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि हे एसटीच्या वर्कशॉपला होते. आता दोघंही निवृत्त आहोत. गाडीबद्दल लिहितो तो नेहमी हँडल धरणारा माणूस. ॲव्हरेज किती, पिकअप कसा, घाटात दम टाकते का, एवढंच त्यात असतं. मी मागे बसणारी आहे, त्यामुळे मागच्या सीटवरून जे कळतं ते सांगणार आहे. आणि ज्यांनी ती सीट नव्यानं बांधून दिली त्या मामांच्या कामाबद्दल सांगणार आहे, कारण असं मन लावून केलेलं काम मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

माझं माहेर रहिमतपूरचं. वाईहून पाचवड, लिंब, सातारा, कोरेगाव असं करत साठ-पासष्ट किलोमीटर पडतं. या रस्त्यावर कुठल्या गावाला पाठ दुखायला लागते, ते माझं मोजमाप. गाडी नवी होती तेव्हा दोन्ही पोरांसकट गेलो तरी काही वाटायचं नाही. २०२३ च्या भाऊबीजेला मात्र पाचवडलाच कंबरेत कळ निघाली. लिंब फाट्यावर उतरून दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी राहिले. शेवटी साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लावली आणि पुढं एसटीनं गेलो. भाऊ म्हणाला, "ताई, आता विका ती गाडी." ह्यांचा चेहरा एवढासा झाला. त्याच रात्री मी ठरवलं, विकायची नाही, नीट करायची.

पहिली चूक आम्ही सीटपासून सुरुवात करून केली. एका मोठ्या गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून जाड, गुबगुबीत तयार कव्हर आणून वरून चढवलं. दुकानात हातानं दाबून पाहिलं तेव्हा लोण्यासारखं वाटलं. गाडीवर बसल्यावर पंधरा मिनिटांत ते दबून सपाट झालं आणि खालचा कडक बेस पुन्हा टोचायला लागला. मऊ म्हणजे आरामाचं, असा माझा समज होता, तो तिथं गेला. त्याच दुकानातल्या पोरानं आम्हाला न विचारता साडी गार्डही काढून बाजूला ठेवलं होतं, "आता कोणी लावत नाही" म्हणून. मी ते परत बसवून घेतलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला हँडल हवं, पाय ठेवायला फुटरेस्ट हवा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं. ओढणी आणि पदर चाकात गेल्यावर काय होतं, हे मी माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या आईच्या बाबतीत पाहिलंय. ज्यांच्या गाडीचं गार्ड काढलेलं असेल त्यांनी आधी ते बसवून घ्यावं, बाकी सगळं नंतर.

मग ह्यांनी सुट्टीसारखे दोन दिवस काढले आणि गाडी अंगणात मधल्या स्टँडला लावली. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, तर चाकाबरोबर स्विंग आर्मही, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा लोखंडी सांगाडाही, हलला. मला बोलावून म्हणाले, "हात लाव." खरंच हलत होता. स्विंग आर्मचे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या, झिजून संपल्या होत्या. पुढं बसणाऱ्याला हे लवकर कळत नाही, कारण त्याच्या हातात हँडल असतं आणि तो दोन्ही चाकांच्या मधोमध बसतो. मागचा माणूस जवळजवळ चाकावरच बसलेला असतो. गाडी वळणावर शेपूट हलवल्यासारखी हलते असं मी वर्षभर सांगत होते, आणि हे म्हणत होते की रस्ता खराब आहे. बुश ठोकून बसवू नयेत, वाकडे बसतात. आम्ही स्विंग आर्म खोलून लेथवाल्याकडं नेला आणि प्रेसच्या मशीनवर दाबून बसवून घेतले.

दुसरी गोष्ट निघाली मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या गोल भागात. तिथं चार रबर असतात, चेनचा झटका गिळायला. आमचे दगडासारखे कडक झालेले, त्यातल्या एकाचे दोन तुकडे. गियर टाकला की माझी मान मागं जायची, ती यामुळं! मी मात्र इतकी वर्षं ह्यांना क्लच सावकाश सोडा म्हणून बोलत होते. रबराचा सेट अगदी स्वस्त मिळतो. जुनी गाडी डबलसीट वापरणाऱ्या प्रत्येकानं चाक काढलंच आहे तर ते एकदा उघडून बघावेत.

शॉकअपपैकी उजवा तेल गळत होता. एकच बदलला तर दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत, म्हणून जोडी घेतली. खर्चाचा मोठा भाग हाच, बाकीचं सगळं सामान आणि लेथवाल्याची मजुरी मिळून हजाराच्या आत बसलं. शॉकअपला खाली फिरवायच्या खाचा आहेत. माझी पाठ दुखते म्हणून ह्यांनी प्रेमानं सगळ्यात मऊ खाचेवर ठेवला. पाचवडच्या गतिरोधकावर तो पूर्ण दबून थाडकन आपटला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. दोन खाचा वर घेतल्यावर तोच गतिरोधक अलगद गेला. दोघं बसणार असाल तर शॉकअप थोडा कडकच लागतो. हवेचंही तसंच. गाडीच्या पुस्तिकेत मागच्या टायरसाठी एकट्याचा आकडा वेगळा आणि दोघांचा वेगळा, दोघांचा बराच जास्त. आमच्याकडं वर्षानुवर्षं एकट्याचीच हवा भरली जात होती.

ऑइल, प्लग, टॅपेट, ब्रेक शू यांचं हे पहिल्यापासून करतात. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात, त्यामुळं इंजिनाबद्दल मला काही सांगण्यासारखं नाही. ऑइल ९०० मिली लागतं, ते वेळेवर बदललं की हे इंजिन तक्रार करत नाही. चेनबद्दल एवढंच सांगते की चेन कव्हर बंद असल्यामुळं ती विसरली जाते. कव्हरवरचं रबरी बूच काढून बोटानं चेन वर-खाली करून पाहायची. दोन-अडीच सेंटीमीटर ढील असावी. फार ताणलेली चेनसुद्धा मागच्याला जाणवते, गाडी खड्ड्यात गुरगुरते.

आणि सामान मिळतं का, असं बरेच जण विचारतात. स्प्लेंडर १९९४ साली आली आणि आजही नवी विकली जाते. हिरो आणि होंडा यांनी २०१० साली वेगळं व्हायचं ठरवलं, आमच्या टाकीवर अजून दोन्ही नावं आहेत, पण लागणारं सगळं वाईतच मिळालं. एवढ्या जुन्या गाडीला दुसरं काय हवं.

या कामानंतर आम्ही पुन्हा रहिमतपूरला निघालो. पाठ दुखायला लागली ती साताऱ्यात. म्हणजे सीटला हात न लावता पंचवीसेक किलोमीटर कमावले. त्यानंतर मामांकडं गेलो.

दुकानावर पाटी नाही. पत्र्याची शेड, एक शिलाई मशीन, रेक्झीनची भेंडोळी आणि भिंतीला टेकवलेल्या ट्रॅक्टरच्या सीटा. रविवार पेठेत कुणालाही सीटवाले मामा म्हणून विचारा. आम्ही गेलो तेव्हा हे बोलायला लागले, सीट मऊ करायची आहे वगैरे. मामांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही बसा गाडीवर. साहेबांना काय कळणार तुमचं दुखणं? कुठं दुखतंय ते बोटानं दाखवा." आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर सोडले तर.

मी नेहमीसारखी दोन्ही पाय डावीकडं टाकून बसले. त्यांनी काही न बोलता सीट काढून कव्हर उघडलं. कव्हर आम्ही दोनदा बदललं होतं, फोम मात्र २००१ चाच. मामांनी मला जवळ बोलावलं. ह्यांच्या जागेवरचा फोम सगळीकडं सारखा बसलेला होता. माझ्या जागेवर डावी कड अंगठाभर दबून चपटी झालेली आणि उजवी बाजू जवळजवळ नवी. बावीस वर्षं मी एका अंगावर कशी बसले, ते त्या फोममध्ये उमटलं होतं. मी बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. कंबर कुठून दुखते ते मला तिथं कळलं. तोंड पुढं करायला पाठ पिळायची आणि सगळं वजन एका कुल्ल्यावर घ्यायचं.

मामा म्हणाले, "एका बाजूला बसायची सीट वेगळी, दोन्हीकडं पाय टाकून बसायची वेगळी. मी दोन्ही करून देतो, पण एकीत दुसरी होत नाही. तुम्ही ठरवून सांगा." एका बाजूला बसायचं तर सीट रुंद, सपाट आणि डावी कड घट्ट ठेवावी लागते. दोन्हीकडं पाय टाकायचे तर कडा उतरत्या हव्यात, नाहीतर मांड्या फाकून कमरेचे सांधे दुखतात. घाई केली नाही त्यांनी. मी एक दिवस मागून घेतला.

त्या रात्री मला सासूबाई आठवल्या. त्या नऊवारी नेसायच्या आणि ह्यांच्या मागं काष्ट्यात दोन्हीकडं पाय टाकून खुशाल बसायच्या, शेतावर जायच्या. पाचवारीनं मला एका बाजूला बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मामांना सांगितलं, दोन्हीकडची करा. सकाळीच दोन पंजाबी ड्रेस शिवायला टाकून आले होते. साठीला आलेय, आता कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

मामांनी खाली कडक, दाबून बनवलेल्या चुऱ्याचा फोम घातला आणि वर जरा मऊ. खालचा वजन पेलतो, वरचा अंगाला बरा वाटतो. मूळ सीट मागून पुढं उतरती झाली होती, त्यामुळं ब्रेक लागला की मी ह्यांच्या पाठीवर घसरायची. मामांनी माझ्या जागेखाली पाचरीसारखा तुकडा चिकटवून ती सपाट केली. फोम आणि रेक्झीनमध्ये प्लास्टिकचा कागद घातला, पावसाचं पाणी मुरू नये म्हणून. बसायच्या जागेवर एकही शिलाई घेतली नाही, सगळ्या शिलाया बाजूला. रेक्झीन चकचकीत नको, दाणेदार घ्या, असं त्यांनीच सांगितलं. कव्हर चढवायच्या आधी नुसत्या फोमवर मला दोनदा बसवलं आणि हॅक्सॉच्या पात्यानं डाव्या मांडीखालचा थोडा फोम उतरवला.

एक गंमतीची गोष्ट घरी कळली. मागचा उजवा फुटरेस्ट उघडेचना! बावीस वर्षांत त्यावर कुणी पाय ठेवला नव्हता, पिन गंजून गच्च झाली होती. ह्यांनी रात्रभर तेल सोडून सकाळी हळूहळू ठोकून मोकळा केला.

कामाचे १,६०० रुपये घेतले. तीन दिवस सांगितले होते, पाच लागले. दोन तक्रारी आहेत. सीट इंचभर उंच झाली, मी बुटकी आहे, चढताना मला पायरी किंवा फुटपाथ लागतो. आणि पहिल्या मोठ्या पावसात शेपटीकडच्या शिलाईतून पाणी आत गेलं. मामांनी पैसे न घेता परत उघडून ती शिलाई आतून चिकटवून दिली, तेव्हापासून कोरडी आहे. उन्हात काळं रेक्झीन तापतं, एप्रिल-मेमध्ये वर जुनी सुती चादर टाकावी लागते. मागचं धरायचं हँडल मला अजून बारीक वाटतं. ते काम वेल्डिंगवाल्याचं, मामांच्या हातात नाही.

२०२४ च्या भाऊबीजेला दोघंही हेल्मेट घालून निघालो. सातारा मागं पडलं, कोरेगाव आलं, ह्यांनी न विचारताच गाडी थांबवली. मी म्हटलं, "चला, काही होत नाही." रहिमतपूरला दारात उतरले तेव्हा भावानं आधी गाडीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. नोंदणी आम्ही पंधरा वर्षांनंतर २०१६ ला आणि २०२१ ला वाढवून घेतली. पुढची २०२६ ला आहे, हे आत्तापासून कागद जुळवून बसलेत.

सीट देताना मामा म्हणाले होते, "वर्षानं आणा, उघडून बघू. दोन्ही बाजू सारख्या बसल्या पाहिजेत." येत्या शनिवारी घेऊन जाणार आहे.