अप्रेंटिस ठेवा, पैसे तुमच्या खात्यात येतील म्हणणाऱ्यापासून सावध राहा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि माझ्यासकट सात माणसं. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग आम्ही करतो. अप्रेंटिस योजनेच्या नावानं झालेल्या फसवणुकीत माझे 20,500 रुपये गेले, ते मी ओव्हरटाइम करून भरून काढले. पण माझ्याकडं शिकायला आलेल्या तीन पोरांचं अख्खं वर्ष कागदावर कुठंच नाही. ते मला भरून देता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

2023 च्या सप्टेंबरात एक माणूस शॉपवर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेची, म्हणजे नॅप्सची, सगळी कामं मी बघतो म्हणाला. "साहेब, पोरगं तुमच्याकडं काम करणार आणि स्टायपेंडचा पाव हिस्सा सरकार भरणार. महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा. तीन पोरं घेतली की 54,000 सरळ तुमच्या करंट खात्यात." वर मूलभूत प्रशिक्षणाचे पोरामागं 7,500 वेगळे. माझ्याच मार्किंगच्या खडूनं त्यानं लेथच्या गिअरबॉक्सच्या झाकणावर हिशेब मांडला आणि 76,500 या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

यातलं निम्मं खरं होतं, म्हणून माझा विश्वास बसला. ही योजना 2016 सालची. स्टायपेंडच्या 25 टक्के, जास्तीत जास्त महिना 1,500 रुपये केंद्र सरकार देतं, हे खरं. पूर्वी मालकानं सगळा स्टायपेंड द्यायचा आणि सरकारचा हिस्सा नंतर परत मिळवायचा, हेही खरं. पण ऑगस्ट 2023 पासून तो हिस्सा पोराच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट जायला लागला. म्हणजे हा माणूस माझ्या दारात उभा होता तेव्हा मालकाच्या खात्यात पैसे यायची पद्धतच बंद पडली होती. आणि ते 7,500 कधीकाळी होते ते कोऱ्या पाटीनं येणाऱ्या उमेदवारांच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणासाठी. माझी तिन्ही पोरं आयटीआयचा टर्नर ट्रेड पास होऊन आली होती. त्यांना ते लागूच नव्हते.

मी त्या माणसाला पोरामागं 3,500 प्रमाणे 10,500 रोख दिले. पॅन, उद्यमचं प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या. आठ दिवसांत व्हॉट्सॲपवर तीन करार आले. वर अशोकस्तंभ, खाली माझं नाव, पोराचं नाव, करार क्रमांक. प्रिंट काढून मी फायलीला लावले आणि कामाला लागलो. डिसेंबरात पहिला हप्ता सोडवायला 6,000, मार्चमध्ये तपासणी येणार म्हणून 4,000 गेले. वर्षअखेरीला सगळं एकदम जमा होतं, असं तो सांगत राहिला. पोरांना मी दर महिन्याला 8,500 देत होतो, त्यात कधी खाडा केला नाही.

पोरं चांगली होती. पन्हाळ्याकडचा एक जण पहाटेची एसटी धरून यायचा. सहा महिन्यांत तो बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, मिलिमीटरच्या दोन शतांशात काढायला लागला. जॉब उतरवला की बोअर गेज आधी माझ्या हातात द्यायचा, मगच पुढचा जॉब बांधायचा.

वर्ष भरत आलं तसा हाच पोरगा परीक्षेचं विचारायला आयटीआयच्या आवारातल्या बीटीआरआय कार्यालयात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेला. शिकाऊ उमेदवारी पुरी झाली की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यायची असते. ती पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं आणि मोठ्या कंपनीच्या गेटवर तेच विचारतात. तिथल्या बाईंनी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बघितलं. त्याचं नाव नाही, माझ्या शॉपचं नाव नाही, करार नाही. त्यानं मला फोन केला तेव्हा नुसतं म्हणाला, "मालक, आपली नोंदच नाही म्हणत्यात."

त्या रात्री मी फाईल उघडली. तिन्ही करारांवर नावं वेगळी, पण क्रमांक एकच. वर्षभर ते कागद माझ्या टेबलाच्या खणात होते आणि मी एकदाही शेजारी शेजारी ठेवून बघितले नव्हते. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या पोराचे वडील आले. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. ते स्टुलावर बसले, चहा घेतला आणि एवढंच विचारलं, "मग ह्यानं वर्षभर केलं ते काय म्हणून धरायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

मी नंतर शिकलो ते आधी माहीत असतं तर दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. पोर्टलवर शॉपची नोंदणी आपली आपण होते, तिला पैसे पडत नाहीत. पोरगा स्वतःच्या लॉगिननं नोंद करतो, आधार पडताळतो आणि करारही स्वतः मान्य करतो. माझ्या एकाही पोराच्या मोबाईलवर वर्षभरात ओटीपी आला नव्हता. मी त्यांना विचारलंच नाही. तुमच्याकडं कुणी अप्रेंटिस असेल तर आजच जेवणाच्या सुट्टीत त्याला त्याच्या मोबाईलवर लॉगिन करायला लावा आणि करार तुमच्या डोळ्यांनी बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर जाऊ नका. अडलं तर बीटीआरआयमध्ये विचारा, तिथं नीट सांगतात.

भीती घालणाराही भेटेल. अप्रेंटिस नाही घेतले तर दंड बसेल, असं मलाही ऐकवलं होतं. तीस किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती आहे, चार ते एकोणतीसला ऐच्छिक. माझ्यासारख्या सात माणसांच्या शॉपला कसली सक्ती नाही.

2024 पासून मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेच्या नावानंही माणसं फिरताना दिसतात. त्यात शिक्षणाप्रमाणे 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये सरकार शिकायला आलेल्या तरुणाच्याच खात्यात टाकतं आणि उद्योगात किमान वीस माणसं लागतात. मालकाच्या खात्यात त्यातलं काही येत नाही. मग मालकाकडून कमिशन कशाचं?

पन्हाळ्याचा पोरगा माझ्याकडंच राहिला. आम्ही दोघांनी मिळून नव्यानं करार केला, या खेपेला त्याच्या मोबाईलवर ओटीपी आला आणि सरकारचा हिस्सा त्याच्याच खात्यात जमा झाला. दुसऱ्याला मी अनुभवाचा दाखला दिला, तो शिरोलीत लागला. तिसऱ्यानं लाइन सोडली, तो आता डिलिव्हरीचं काम करतो.

पोलिसांत अर्ज दिलाय, पोच माझ्याकडं आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही कुणाच्या फायलीत असे करार निघाले तर ते घेऊन शॉपवर या. माझ्या कागदांशी ताडून बघू आणि अर्ज एकत्र देऊ.